कॅलिपर (लहान मुलांचे)

पायातील बळ गेलेल्या किंवा सांध्याला विकार जडलेल्या मुलाला उभे राहता व चालता यावे, म्हणून पायाला बाहेरून बांधण्याची आधारचौकट. विसाव्या शतकात पोलिओ, मुडदूस व सांध्यांचा क्षय या विकारांत ती सर्रास वापरली जाई. भारतात तिचा वापर मुख्यतः पोलिओमुळे वाढला.

मुलांच्या शारीरिक व्यंगांवर फ्रेंच वैद्य निकोलास आंद्री यांचा ग्रंथ १७४१ मध्ये प्रसिद्ध झाला. झां-आंद्रे व्हेनेल यांनी १७८० मध्ये स्वित्झर्लंडमधील ऑर्ब येथे अशा मुलांसाठी खास रुग्णालय काढले. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन टॉमस यांनी मांडीच्या मुळाशी बसणारे कडे व त्याला जोडलेल्या दोन सळ्या अशी चौकट बनवली. अंगाचा भार बैठकीच्या हाडावरून कड्यावर व सळ्यांमधून जमिनीवर जाई. त्यामुळे दुखऱ्या गुडघ्याला विश्रांती मिळे. पुढील कॅलिपर याच तत्त्वावर घडले.

पोलिओच्या कॅलिपरमध्ये पायाच्या दोन्ही बाजूंना पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, मांडी व पोटरीभोवती चामड्याचे पट्टे, गुडघ्यावर चामड्याची टोपी आणि खाली टाचेत पट्ट्या अडकवलेला बूट असे. गुडघ्याशी बिजागरी व तिच्यावर सरकणारी कडी असे. मूल पाय ताठ करून उभे राहिले की कडी खाली घसरून बिजागरी अडकवी. बसण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या कड्या बोटांनी वर ओढाव्या लागत. गुडघा न वाकवता चालायचे असल्याने प्रत्येक पावलाला कमरेतून हिसका देऊन पाय पुढे टाकावा लागे. मूल वाढे तशी लांबी वाढवता यावी, म्हणून पट्ट्या एकमेकींवर सरकणाऱ्या दोन तुकड्यांच्या करून स्क्रूंसाठी जादा भोके ठेवीत. पाय आखूड असल्यास बुटाचा तळ जाड करीत.

चौकट जड असे, घामाने चामडे कडक होई व त्याच्या कडा त्वचेला काचत. भारतीय घरात आणखी एक अडचण होती : बूट चौकटीलाच जोडलेला असल्याने उंबऱ्याबाहेर तो काढला की आधारही जाई, आणि जमिनीवर मांडी घालून बसणे अवघड होई. त्यामुळे घरात अनेक मुले कॅलिपर उतरवून हातांवर सरकत.

१९७० नंतर पायाच्या साच्यावर घडवलेले, बुटाच्या आत बसणारे पॉलिप्रॉपिलीनचे हलके आधार प्रचारात आले. १९९० च्या दशकात हैदराबादेत ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या पुढाकाराने क्षेपणास्त्रांसाठी विकसित केलेल्या संमिश्र पदार्थापासून सुमारे ३०० ग्रॅम वजनाचा आधार तयार झाला. आधीचे धातूचे कॅलिपर तीन किलोंच्या आसपास भरत. मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत (स्थापना १९५५) अशी साधने बनवली जातात.

‘ड’ जीवनसत्त्वाच्या शोधानंतर मुडदुसासाठी चौकटीची गरज घटली. पोलिओच्या लसीकरणामुळे कॅलिपर लावणारी मुले हळूहळू दिसेनाशी झाली. २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. जन्मतः वाकडी असलेली पावले प्लॅस्टरने सरळ केल्यावर ती पुन्हा वाकू नयेत म्हणून वापरायचे दांडीने जोडलेले बूट, तसेच मेंदूच्या पक्षाघातातील घोट्याचे आधार मात्र आजही दिले जातात.