फुटाला दीड सूत

माझ्या टेबलावर गेली तीन वर्षे एक जहाज बांधले जात आहे. लांबी साधारण एकवीस इंच, प्रमाण चौसष्टास एक. आपल्या सुतारांच्या भाषेत सांगायचे तर फुटाला दीड सूत, कारण आठ सुतांचा एक इंच होतो. या हिशेबाने पाच फूट चार इंच उंचीचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो, आणि साठ फुटी देवमासा सव्वाअकरा इंचांचा. म्हणजे देवमासा जहाजाच्या निम्म्याहून लांब. हा आकडा वहीत लिहिल्यावर त्या दिवशी माझ्याकडून पुढे काही काम झाले नाही.

जहाज देवमाशांच्या शिकारीचे आहे. मी कोकणातल्या गलबतांच्या बांधणीची माहिती गोळा करतो, मग हा अमेरिकेतला उद्योग कशासाठी, असे पुष्कळांनी विचारले. उत्तर सरळ आहे. मी ज्या मिस्त्रींजवळ बसलो त्यांच्याकडे कागदावरचा आराखडा नव्हता. प्रश्न विचारला की ते तोंडाने उत्तर देण्याऐवजी वाकस उचलत आणि करून दाखवत. जहाज समजायचे तर आपणही हाताने बांधून पाहिले पाहिजे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. सुरुवातीला असे जहाज हवे होते ज्याचे प्रत्येक माप तपासता येईल. ‘चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन’ तसे आहे. १८४१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड बंदरात ते बांधले गेले, १९२१ पर्यंत त्याने शिकारीच्या ३७ सफरी केल्या आणि आज कनेक्टिकटमधल्या मिस्टिक सीपोर्ट संग्रहालयात ते पाण्यावर उभे आहे. त्या धंद्यातले लाकडी जहाज जगात एवढे एकच उरले आहे.

लाकूड निवडतानाच पहिली चूक झाली. जहाज म्हणजे साग, हे डोक्यात पक्के बसलेले. पण माप लहान करता येते, लाकडाचे रेषे लहान करता येत नाहीत. सागाच्या दीड मिलिमीटर जाडीच्या पट्टीवरचे रेषे या प्रमाणात दोरखंडाएवढे दिसू लागले, शिवाय नाळेच्या गोलाईवर पट्ट्या तुटल्या. सगळे काढून शिवणीवर आलो. पट्टी किटलीच्या वाफेवर धरायची, बोटांनी वळवायची आणि वाळेपर्यंत चिमट्यात ठेवायची. एका बाजूच्या फळ्या बसवायला मला चार महिने लागले.

न्यू इंग्लंडचे जहाजबांधे जहाज बांधण्याआधी त्याची लाकडी प्रतिकृती कोरत, हे मला याच काळात वाचायला मिळाले. तीही अर्धीच, उभी चिरलेली. दोन्ही बाजू सारख्याच असल्याने दुसरी कोरायची गरज नसे. त्या अर्ध्या ठोकळ्यावरून मापे घेऊन ती चौसष्टपट, अठ्ठेचाळीसपट मोठी करायची आणि लाकडे कापायची. म्हणजे जहाजाची नक्कल नंतर होते हा माझा समज उलटा होता. आधी प्रतिकृती, मग जहाज.

परंतु हा सारखेपणा डेकवर आला की संपतो. शिकारी जहाजाच्या डाव्या बाजूला बहुधा तीन होड्या टांगलेल्या असत आणि उजव्या बाजूला मागे एक. उजव्या कुशीचा मधला भाग मोकळा, कारण मारलेला देवमासा नेहमी उजव्या बाजूलाच बांधत. तिथल्या कठड्याचा तुकडा काढता येई. बाहेर फळ्यांचा माचा सोडत आणि त्यावर उभे राहून लांब दांड्याच्या कुदळींनी चरबीचा थर सालपटासारखा सोलून काढत. मी सवयीने दोन्ही बाजूंना सारखे आकडे बसवले होते, ते उपटावे लागले. त्यांची भोके अजून दिसतात.

पुढच्या डोलकाठीच्या मागे विटांची भट्टी येते. लाकडी जहाजावर विटांची भट्टी, तिच्यावर दोन लोखंडी कढया आणि खाली डेक जळू नये म्हणून पाण्याचा उथळ हौद. पेटवायला सुरुवातीला लाकूड, त्यानंतर तेल निघून गेलेल्या चरबीचाच चोथा. आठ इंची वीट माझ्या मापाला एक सूत लांब होते. मी जुन्या कौलाचे तुकडे घासून विटा केल्या. त्या बसवताना कळले की सफर संपत आली की खलाशी ही भट्टी फोडून विटा समुद्रात टाकत आणि पुढच्या सफरीला नवी बांधत. मग मी बांधत होतो ती कोणत्या सफरीची?

हा प्रश्न एकदा आला की प्रत्येक भागाला तो विचारावा लागतो. मॉर्गन पाण्यात उतरले तेव्हा तिन्ही डोलकाठ्यांवर आडवी परबाणे होती. १८६७ मध्ये मागच्या डोलकाठीची परबाणे काढून तिथे लांबीच्या दिशेने चालणारे शीड लावले. सगळ्या होड्या शिकारीला उतरल्या की जहाजावर मोजकीच माणसे उरत, त्यांना एवढी शिडे झेपत नसत. मी १८६७ नंतरचा काळ धरला, कारण दोर कमी लागतात. आळस हेही कारण असते, ते लपवण्यात अर्थ नाही.

दोरांचे निघाले म्हणून सांगतो. शिकारीच्या होडीत हार्पूनला बांधलेला दोर टोपल्यांत वेटोळे करून ठेवलेला असे, साधारण ३०० फॅदम, म्हणजे १,८०० फूट. होडी २८ फुटांची आणि आत सहा माणसे. माझ्या मापाला होडी सव्वापाच इंचांची आणि दोर २८ फुटांचा, जाडी शिलाईच्या दोऱ्याएवढी. मी तो मोजून कापला आणि भिंगाखाली वेटोळे घातले. दोर बसला, पण मग माणसांचे पाय ठेवायला जागा उरेना. हार्पून लागलेला देवमासा बुडी मारी तेव्हा हाच दोर त्या पायांजवळून सुसाट धावत असे.

या मापांच्या नादात माझी गाठ दुसऱ्या एका प्रतिकृतीशी पडली. न्यू बेडफर्डच्या देवमासे-शिकार संग्रहालयात ‘लागोडा’ नावाच्या जहाजाची प्रतिकृती आहे, प्रमाण दोनास एक, एकूण लांबी ८९ फूट. तिच्यावर चढता येते. मी तिथे गेलेलो नाही. छायाचित्रे पाहिली आहेत आणि त्यांतली माणसे बारा फुटी राक्षसांसारखी दिसतात. मूळ जहाज १८२६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सिच्युएटला मालवाहतुकीसाठी बांधले गेले. रशियातल्या लाडोगा सरोवराचे नाव द्यायचे होते, अक्षरांची अदलाबदल झाली, असे सांगतात. १८४१ मध्ये न्यू बेडफर्डचे व्यापारी जोनाथन बोर्न यांनी ते घेऊन शिकारीसाठी तयार करवले, आणि त्यांच्या जहाजांत ते सर्वांत भाग्याचे ठरले. बोर्न १८८९ मध्ये वारले. त्यांची मुलगी एमिली हिने वडिलांच्या स्मरणार्थ इमारत दिली आणि १९१५-१६ मध्ये त्या इमारतीच्या आतच ही प्रतिकृती बांधून घेतली. तोवर पेनसिल्व्हेनियाच्या विहिरींतल्या खनिज तेलाने, ज्याला आपण रॉकेल म्हणतो त्याने, देवमाशाच्या तेलाचे दिवे कधीच विझवले होते. परिसरातल्या ज्या जहाजबांध्यांना जुने काम हाताने येत होते त्यांनी ते केले. बांधून झाल्यावर पाण्यात सोडायचे नव्हते. त्या कारागिरांना हे कसे वाटले असेल याचा मी बरेचदा विचार करतो.

मूळ लागोडाची शेवटची वर्षे जपानमध्ये योकोहामाला कोळशाचे तरंगते कोठार म्हणून गेली. यात एक विचित्र योगायोग आहे. १८४८ मध्ये याच जहाजावरचे पंधरा खलाशी होड्या घेऊन पळाले आणि परदेशीयांना बंदी असलेल्या जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यांना नागासाकीला कैदेत ठेवले गेले. दुसऱ्या वर्षी ‘प्रेबल’ ही अमेरिकन युद्धनौका येऊन हयात असलेल्यांना घेऊन गेली. जहाजावर वागणूक वाईट होती, असे पळालेल्यांचे म्हणणे होते. नवख्या खलाशाला पगार नसे, सफरीच्या नफ्यात हिस्सा असे, तोही दीडशे-दोनशे भागांतला एक. जहाजावरून घेतलेले कपडे आणि तंबाखू त्यातून वजा होई. तीन-चार वर्षांनी घरी परतताना काही जण मालकाचे देणे लागत. अर्धे केले काय किंवा चौसष्टांश केले काय, हा हिशेब लाकडात कोरता येत नाही.

लागोडाची खरी गोष्ट मात्र १८७१ ची आहे. त्या उन्हाळ्यात चाळीस शिकारी जहाजे अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर बोहेड देवमाशांच्या मागे होती. तेलापेक्षा आता त्या माशाच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्यांना भाव होता. बायकांच्या कंबरपट्ट्यांच्या काड्या त्यांच्या होत. ऑगस्टमध्ये वारा फिरला आणि बर्फाने ३३ जहाजे किनाऱ्याशी दाबून धरली. कप्तानांनी एकत्र बसून जहाजे सोडण्याचा कागद केला. खलाशी, कप्तानांच्या बायका आणि मुले मिळून १,२१९ माणसे शिकारीच्या होड्यांतून किनाऱ्यालगतच्या मोकळ्या पाण्यातून दक्षिणेला निघाली. तिकडे सात जहाजे बर्फाबाहेर थांबली होती. लागोडा त्यांतले एक. त्याच्या वाट्याला १९५ माणसे आली. या सात जहाजांनी जागा करण्यासाठी मिळवलेले तेल, पट्ट्या आणि शिकारीची महागडी साधने समुद्रात फेकली. सगळे होनोलुलूला पोचले. एकही माणूस दगावला नाही.

लागोडा आणि मॉर्गन आकाराने जवळजवळ सारखी. लांबीरुंदीत फुटाअर्ध्या फुटाचा फरक. म्हणजे माझ्या डेकवर हे तपासता येणार होते. उरलेल्या शिवणीचे १९५ ठोकळे कापले, उंची एक इंच, रुंदी खांद्यांची म्हणून अडीच सूत. जहाजावरची नेहमीची तीसेक माणसे मी धरलीच नाहीत. उभे केले तर ठोकळे मावले, अगदी खेटूनही नाही. आडवे ठेवू लागलो तेव्हा दीडशेच्या आसपास डेक संपला. भट्टी, झाकणे, नांगराचा रहाट, सुकाणूची जागा सोडून उरते तेवढेच. म्हणजे नुसत्या डेकवर सगळ्यांना एका वेळी झोपता आले नसते, आणि होनोलुलू काही दोन दिवसांवर नव्हते. खालची जागा मोकळी करावीच लागली असणार. तेल का फेकले ते पुस्तकात एका वाक्यात वाचले होते. ते पटले या ठोकळ्यांमुळे.

न्यू बेडफर्डची प्रतिकृती मात्र सर्व साधनांनिशी सज्ज आहे. होड्या, हार्पून, कुदळी, भट्टी, काहीही कमी नाही. मुलीने वडिलांचे स्मारक केले तेव्हा जहाज कमावते असतानाचेच करणार, यात तिचा दोष काढणे बरोबर नाही. माझी तक्रार आमच्या, म्हणजे प्रतिकृती करणाऱ्यांच्या, सवयीबद्दल आहे. जहाज आम्हाला नेहमी भरलेले आणि चकचकीत लागते. लागोडाने सर्वांत मोठे काम केले तेव्हा त्याच्या डेकवर यांतले किती सामान उरले असेल?

मी भट्टी चिकटवलेली नाही. दोन खिळ्यांवर नुसती टेकवली आहे, उचलली की खाली मोकळी फळी दिसते. होड्यांचे दोरही सुटतात. कुणी बघायला आले की आधी सज्ज जहाज दाखवतो, मग एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवतो आणि ठोकळ्यांचा डबा उघडतो. लहान मुलांना हा भाग आवडतो, ती आपणहून ठोकळे रचू लागतात.

मागच्या खेपेला डब्यात परत भरताना ठोकळे १९४ भरले. मधल्या झाकणाची फट मी उघडी ठेवली आहे, एक त्यातून आत पडला असावा. जहाज तिरके केले की तो तळाशी घरंगळताना ऐकू येतो. काढायचा तर डेकची फळी उखडावी लागेल.