डावा हात, किती टक्के?

1854 मध्ये ठाण्याची खाडी ओलांडून आगगाडी कळव्यावरून कल्याणला जाऊ लागली. पुढच्याच वर्षी हिंदुस्थानात प्राणांतिक अपघातांचा कायदा झाला, इंग्लंडच्या 1846 च्या कायद्यावर बेतलेला. भरपाई मिळायची ती मेलेल्याच्या बायकोमुलांना, आईबापांना. हात गमावून जो जगला, त्याच्याबद्दल हा कायदा गप्प. त्याने दिवाणी कोर्टाची पायरी चढावी.

1946 पासून मोटारगाडीला तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा झाला, 1956 च्या दुरुस्तीने दावा न्यायाधिकरणं आली. पण चूक कोणाची, यावर घोडं अडलेलंच. घोडबंदर रोडवर मोटार आणि लॉरीची टक्कर झाली, त्यातून मीनू मेहता खटला उभा राहिला. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही. मग 1982 मध्ये संसदेने 'चूक कोणाचीही असो' असं कलम आणलं: मृत्यूला 15,000 रुपये, कायमच्या अपंगत्वाला 7,500. आज याच वळणाच्या कलमात गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात.

मोठी रक्कम मात्र गुणकावर, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्या आकड्याने गुणायचं त्यावर, ठरते. हा गुणक खाणीतून आला म्हणायचा: कोळसा खाणीतल्या स्फोटावरून इंग्लंडमध्ये 1942 साली गाजलेल्या खटल्यातून. आपल्याकडे 1993 च्या सुसम्मा थॉमस निकालाने तो पक्का केला आणि 2009 च्या सरला वर्मा निकालाने वयवार कोष्टक दिलं. पंचविशीपर्यंत 18, पासष्टीनंतर 5.

कळव्यातला 36 वर्षांचा, स्वतःचं काम करणारा एक फिटर धरू. मुंब्रा बायपासवर ट्रकने उडवलं, डावा हात गेला. महिना 20,000, म्हणजे वर्षाला 2,40,000. पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात 40 टक्के भर: 3,36,000. गुणक 15. झाले 50,40,000. आता याचे किती टक्के?

अपंगत्वाच्या दाखल्यावर 40 टक्के असतील, तर 20,16,000. पण सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार निकालात बजावलंय की शरीर किती गेलं यापेक्षा कमाई किती गेली ते पाहा. डावा हात गेलेल्या सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. सुताराचा धंदाच बसतो. फिटरची कमाई 90 टक्के बुडाली असं ठरलं, तर तोच हात 45,36,000 चा. उपचारांचा खर्च, सोबतीला लागणारा माणूस, वेदना हे सगळं त्यावर वेगळं. दीडशे वर्षांच्या या खटाटोपातलं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते हे गेलेली कमाई पाहणंच.

ट्रकचालकाचं लायसन्स खोटं निघालं तरी बहुधा विमा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतात. मालकाकडून वसुली तिने मागाहून करावी.

पण हा सगळा हिशेब ज्या 20,000 वर उभा आहे, त्याचा कागद हवा. नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने, पुष्कळदा किमान वेतनाकडे बघून, आकडा धरतं आणि पंधराने गुणला जातो तोच. रोजंदारीवर असाल तर पैसे हातात न घेता खात्यात घ्या.