दुसऱ्या डावातली शरणागती

संगणकाने बुद्धिबळातल्या विश्वविजेत्याला सामन्यात हरवले, त्याची तारीख ११ मे १९९७ अशी सांगितली जाते. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या इक्विटेबल सेंटरमध्ये आयबीएमच्या 'डीप ब्लू'ने सहावा डाव अवघ्या १९ चालींत घेतला आणि गॅरी कास्पारोव्हविरुद्धचा सामना साडेतीन-अडीच असा जिंकला. तारीख बरोबरच आहे. पण सहाही डाव पटावर मांडून पुन्हा पुन्हा पाहिल्यावर माझे मत असे झाले की, सामना फिरला तो आठवडाभर आधी, ४ मेच्या दुसऱ्या डावात.

फेब्रुवारी १९९६ मध्ये फिलाडेल्फियात कास्पारोव्हने हाच प्रतिस्पर्धी चार-दोन असा हरवला होता. त्यानंतर यंत्र सुधारले गेले. बुद्धिबळासाठी घडवलेल्या ४८० चिपांच्या जोरावर ते सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासू लागले. तरीही ३ मेचा पहिला डाव कास्पारोव्हनेच जिंकला. त्या डावात ४४व्या चालीला यंत्राने हत्ती विनाकारण हलवला. ही आज्ञावलीतली चूक होती, असे डीप ब्लूच्या चमूतील मरे कॅम्बेल यांनी पुढे सांगितले. कास्पारोव्हच्या गोटाने मात्र अर्थ लावला तो उलटा: यंत्राला फार पुढचे दिसत असले पाहिजे!

दुसऱ्या डावात ही शंका पक्की झाली. समोर प्यादी मिळवण्याची संधी असताना यंत्राने वजीर पुढे घातला नाही. आधी प्याद्यांची मारामारी केली आणि ३७व्या चालीला उंट ई४ वर आणून काळ्याची कोंडी केली. अशी संयमी चाल यंत्राची असू शकते, यावर कास्पारोव्हचा विश्वास बसेना. त्याने मॅराडोनाच्या १९८६च्या 'देवाच्या हाता'ची आठवण काढली आणि यंत्राच्या नोंदी मागितल्या. त्या तेव्हा मिळाल्या नाहीत. आयबीएमने त्या पुढे प्रसिद्ध केल्या.

पण खरी गोष्ट ४५व्या चालीची. पांढऱ्याने हत्ती ए६ वर नेला आणि कास्पारोव्हने डाव सोडला. दुसऱ्या दिवशी त्याला सहकाऱ्यांकडून कळले, की वजीर ई३ वर नेला असता तर सतत शह देऊन बरोबरी साधता आली असती. म्हणजे शेवटी यंत्रही चुकले होते. जगातल्या सर्वांत लढाऊ खेळाडूने ती वाट तपासलीच नाही, कारण यंत्र अशी पळवाट ठेवणारच नाही, असे त्याने गृहीत धरले.

पुढचे तीन डाव बरोबरीत सुटले. सहाव्यात कास्पारोव्हने कारो-कान बचावात सातव्या चालीलाच चूक केली. आठव्या चालीला यंत्राने घोड्याचा बळी दिला आणि काळ्याचा बचाव कोसळला.

परतीचा सामना झाला नाही. डीप ब्लू निवृत्त झाले. त्याचे भाग आज अमेरिकेतल्या संग्रहालयांत आहेत. त्याची गणनशक्ती अफाट होती, हे कोणी नाकारणार नाही. पण दुसरा डाव त्या शक्तीने पूर्ण जिंकला नव्हता. तो आपणहून सोडून दिला गेला. आता यंत्राचे उत्तर घरोघरी, खिशाखिशांत मिळते. म्हणून वाचकांना एकच विनंती: दिवाळीच्या सुट्टीत तो डाव ४५व्या चालीपर्यंत मांडा, आणि काळ्याचा वजीर ई३ वर ठेवून पुढे खेळून पाहा.