पुण्यांतील पहिली जंतुशाळा

पुण्यांत १८९७ सालचा विषय निघाला म्हणजे रँडसाहेब, घरांच्या झडत्या आणि चाफेकर बंधु यांचीच आठवण प्रथम होते. आणि तें स्वाभाविकही आहे. परंतु त्यापूर्वी सातच वर्षें याच शहरांत घडलेली एक गोष्ट आम्ही विसरून गेलों आहों. १८८९ च्या डिसेंबरांत येथील कॉलेज ऑफ सायन्समध्यें, म्हणजे आजच्या सीओईपी विद्यापीठांत, सरकारनें ‘इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ स्थापिली. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे प्रमुख झाले. गुरें व घोडे यांच्या रोगांचा शोध घेणें हा तिचा हेतु. पुढें, सांसर्गिक जंतु भरवस्तीपासून दूर असावेत म्हणून, १८९३ मध्यें ती कुमाऊंतील मुक्तेश्वरच्या डोंगरावर गेली. आणि नंतर चार वर्षांच्या आंतच पुण्यांत प्लेग आला.

या शास्त्राची सारी मदार रंगावर आहे. सूक्ष्मजंतु म्हणजे सामान्यतः मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी एकच पेशी. बाहेर भिंत, तिच्या आंत पातळ पटल व त्यांत जीवद्रव्य. वेगळें केंद्रक नाहीं. ती पाण्यासारखी पारदर्शक असल्यामुळें नुसत्या सूक्ष्मदर्शकांतून नीट उमटत नाहीं. काचपट्टीवर द्रव वाळवून, आंच देऊन त्यावर रंग घातला म्हणजे तिचा आकार डोळ्यांत भरतो. १८८२ त रॉबर्ट कॉख यांनीं क्षयाचा जंतु दाखविला तो याच उपायानें. १८८४ त बर्लिनमध्यें हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश वैद्यानें जांभळा रंग, त्यावर आयोडीन आणि मग अल्कोहोल अशी रीत काढली. कांहीं जंतु जांभळेच राहतात, कांहींचा रंग धुऊन जातो; पुढें या दुसऱ्यांस तांबडा रंग देण्याची वहिवाट पडली. हा भेद भिंतीचा आहे, हें मात्र पुष्कळ पुढें कळलें. जाड भिंत रंग कोंडून धरते. दुसऱ्या वर्गाची भिंत पातळ, आणि तिच्यावरील स्निग्ध पटल अल्कोहोलनें विरघळून रंगास वाट देतें.

हा केवळ रंगाचा खेळ नव्हे. १८९४ त हाँगकाँगला किटासाटो व येर्सें या दोघांनींही प्लेगाचा जंतु शोधूं म्हटलें. किटासाटो यांच्या वर्णनांत ग्रामच्या रंगाविषयीं निश्चितता नव्हती. तो रंग या जंतूवर टिकत नाहीं, असें येर्सें यांनीं सांगितलें आणि तेंच खरें ठरलें. आज जंतूच्या नांवांत येर्सें यांचेंच नांव आहे. रंगविल्यावर याचीं दोन्ही टोंकें गडद व मध्य फिका दिसतो, जणूं मिटलेली सेफ्टी पिनच.

मग जंतुशाळा येथेंच राहती तर पुणें वांचलें असतें काय? तसें म्हणणें भाबडेपणाचें होईल. रंगानें गुन्हेगार ओळखतां आला, पण तो कोणत्या वाटेनें येतो हें त्यावरून कळण्याजोगें नव्हतें. उंदरावरील पिसवेचा संबंध सिमाँ यांनीं कराचींत दाखविला तो १८९८ त. मुंबईस हाफकीन यांनीं आपली लस १० जानेवारी १८९७ रोजीं स्वतःस टोंचून घेतली, तरी गांवोगांव लोकांचा विश्वास बसण्यास वेळ लागला. आणि त्याच सालच्या १० मार्च रोजीं, रोग्यांची शुश्रूषा करतां करतां, सावित्रीबाई फुले यांस याच रोगानें नेलें.

आम्हांस खंत वाटते ती निराळीच. जें शास्त्र गुरांघोड्यांसाठीं या शहरांत तीन-चार वर्षें नांदलें, त्याची ओळख शहरच्या माणसांस कोणी करून दिल्याचें दिसत नाहीं. ज्याच्या दारांत शिपाई उभा राहिला, त्यास जंतु ही सरकारची एक सबब वाटली असल्यास नवल नाहीं. कारण काचपट्टीवरील तो जंतु त्यास कोणी दाखविलाच नव्हता. आज शाळेंतील मुलगाही दह्याचा थेंब काचपट्टीवर रंगवून पाहूं शकतो. प्रत्येक शाळेनें एवढें केलें, तरी पुढच्या सांथीच्या वेळीं सक्तीस थोडें कमी काम उरेल.