बिघाडातून जन्मलेला सूर

निर्दोष वाद्यातूनच निर्दोष संगीत निर्माण होते, असा आपला समज असतो. इलेक्ट्रिक गिटारीचा इतिहास मात्र निराळीच साक्ष देतो. तिचा एक अत्यंत लाडका सूर बिघाडातून जन्मला आणि नकलेमुळे टिकला.

१९६० साली अमेरिकेतील नॅशव्हिल येथे गायक मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गीताचे ध्वनिमुद्रण चालले होते. ग्रेडी मार्टिन यांच्या सहा तारांच्या बास गिटारीचा आवाज ज्या मिक्सरमधून जात होता, त्यात दोष उद्भवला व सूर फाटला. तो तसाच ठेवण्यात आला आणि १९६१ साली ते गीत कमालीचे गाजले. पुढे ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच दोष ट्रान्झिस्टरांच्या साहाय्याने हेतुपुरस्सर घडवून आणला. त्यातून १९६२ साली गिब्सन कंपनीचे ‘माएस्ट्रो फझ-टोन’ हे पायाने चालू-बंद करावयाचे पेडल बाजारात आले. १९६५ साली ‘रोलिंग स्टोन्स’च्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गीताने त्याचा आवाज जगभर पोहोचविला.

अशा रीतीने हे पेडल मुळातच एका बिघाडाची नक्कल होते. मग नकलेचीही नक्कल झाली. लंडनमध्ये गॅरी हर्स्ट यांनी १९६५ साली त्यात सुधारणा करून ‘टोन बेंडर’ बनविले. त्याच्या एका आवृत्तीशी जवळजवळ जुळणारे सर्किट घेऊन १९६६ साली आर्बिटर कंपनीचे गोल आकाराचे ‘फझ फेस’ अवतरले. जिमी हेंड्रिक्सने त्याला अमर केले.

घरच्या घरी जुनी पेडले बांधणारे हौशी कारागीर बहुधा याच ‘फझ फेस’पासून श्रीगणेशा करतात. त्याचे कारण उघड आहे. २ ट्रान्झिस्टर, ४ रेझिस्टर, ३ कपॅसिटर, आवाज व फझ कमी-जास्त करण्याची २ बटणे आणि ९ व्होल्टची बॅटरी, एवढाच त्याचा संसार! १९७५ साली क्रेग अँडरटन यांचे संगीतकारांसाठीच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांवरील पुस्तक निघाले आणि अनेक वादकांनी डाख देण्याचे हत्यार हाती धरले.

परंतु सर्किट सोपे म्हणून नक्कल सोपी, असे नाही. जुन्या पेडलांतील ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे असत. एकाच नावाचे दोन नग सारखे निघत नाहीत. त्यांतून वीज झिरपते आणि उष्णता वाढली की झिरपणेही वाढते. त्यामुळे त्या काळची दोन ‘फझ फेस’ पेडलेही एका सुरात बोलत नसत. मग हुबेहूब नक्कल करावी तरी कोणत्या मुळाची? कारागीर अनेक ट्रान्झिस्टर मोजतो, त्यांतून जुळणारी जोडी निवडतो आणि शेवटचा कौल आपल्या कानाला मागतो.

यात एक मर्यादाही सांभाळावी लागते. जुने सर्किट पाहून स्वतःसाठी पेडल बांधणे हा अभ्यास होय. त्यावर मूळ कंपनीचे नाव लिहून ते अस्सल म्हणून विकणे ही फसवणूक होय. आम्हांला वाटते, प्रामाणिक नक्कल करणारा मूळ कारागिराचा ऋणी असतो आणि ते ऋण तो जाणतो. कारण त्या डबीत मुळाच्या कर्त्याने कोठे काय व कशासाठी जोडले, हे त्याने आपल्या हातांनी पुन्हा एकदा समजून घेतलेले असते.