धावणारे पाय कोणाचे?

घोडपदेवास राहणाऱ्या माणसाने पहाटे साडेचारच्या सुमारास खिडकीतून खाली डोकावले, तर अलीकडे त्यास एक नवा पंथ दृष्टीस पडतो. दोघेतिघे, क्वचित एकटाच, अर्धी विजार व बूट घालून रे रोड स्टेशनच्या रोखाने धावत निघालेले असतात. पाठीस कोणी लागलेले नाही, पुढून कोणी बोलाविलेले नाही. आमच्या चाळीतील एका वृद्ध शेजाऱ्यांनी, ज्यांचा सारा जन्म साचेखात्यात गेला, हा प्रकार पुष्कळ दिवस न्याहाळला आणि एकदा आम्हांस विचारले, "ह्यांचा भोंगा कुठं वाजतो हो?"

प्रश्न थट्टेचा होता. परंतु त्यावर विचार करू लागलो तो आम्ही पुष्कळच मागे गेलो.

या भागात एके काळी धावण्याचे कारण कोणास विचारावे लागत नसे. गिरणीचा पहिला भोंगा झाला की चाळ जागी होई आणि शेवटचा होण्यापूर्वी दरवाजा गाठला नाही तर खाडा पडे. हातात डबा, खांद्यावर टॉवेल, असे लोक जिने उतरत ते धावतच. त्या धावण्यास शर्यत म्हणण्याची बुद्धी कोणास झाली नाही, आणि ते योग्यच होते. पाय कामगाराचे असले तरी त्यांना गती देणारी वाफ गिरणीच्या बॉयलरातली होती.

पायांची ही चाकरी गिरण्यांहून फार जुनी. मराठेशाहीत जासूद व कासीद हे लोक दौडीवरच पोट भरीत. पानिपतच्या संहाराची बातमी १७६१ च्या जानेवारीत नानासाहेब पेशव्यांस कळली ती सरकारी डाकेने नव्हे, तर सावकारांच्या एका कासिदाजवळील पत्राने, हे सर्वश्रुत आहे. ग्रँट डफने आपल्या बखरीत या कासिदाविषयी एक बारीकशी गोष्ट टिपून ठेविली आहे: पानिपत सोडल्यापासून नवव्या दिवशी औरंगाबाद गाठण्याचा त्याचा करार होता. अंतर सातआठशे मैलांचे! एकट्या माणसाच्या पायांनी हे साधेल असे आम्हांस वाटत नाही. वाटेत काही तरी वाहन किंवा बदली असलीच पाहिजे. तथापि करार झाला होता, म्हणजे असे करार करणारे लोक होते. पुढे इंग्रजी अमलात घुंगुर बांधलेला भाला खांद्यावर टाकून डाकेची थैली वाहणारा हरकारा आला. त्यालाही 'तू का धावतोस?' असे पुसण्याचे कारण नव्हते. थैलीतील पत्रे दुसऱ्यांची, वेळ दुसऱ्याची. घाम तेवढा स्वतःचा.

मग मनुष्य केवळ धावण्यासाठी मैलोगणती धावू लागला तो केव्हा? आमच्या महाराष्ट्रापुरते पाहिले तर हा धागा पुण्याच्या डेक्कन जिमखान्यापाशी सापडतो. ही संस्था १९०६ ची. सर दोराबजी टाटा तिचे अध्यक्ष होते. विलायतेत शिकल्यामुळे त्यांस मैदानी खेळांचा जिव्हाळा होता. जिमखान्याच्या सामन्यांत लांब पल्ल्याच्या दौडीस उभे राहिलेले गडी पाहून ते चकित झाले. हे गडी बहुतेक शेतकरी. पायांत वहाण नाही, शिक्षक नाही, खुराकाचा पत्ता नाही. आणि तरीही कित्येकांनी नोंदविलेली वेळ युरोपातील धावपटूंच्या शेजारी ठेवण्याजोगी होती. १९१९ साली हे पाहून टाटांनी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांजकडे गोष्ट काढली आणि पुढच्या वर्षी बेल्जममधील अँटवर्प येथील ऑलिंपिकास हिंदुस्थानची तुकडी गेली. खर्चाचा मोठा भार टाटांनी उचलला. तुकडी केवढी, तर चार धावणारे व दोन मल्ल, एवढीच. धावणाऱ्यांत बेळगावचा फडेप्पा चौगुले हा एक होता.

२२ ऑगस्ट १९२० रोजी अँटवर्पची मॅरेथॉन झाली. हवा गार, वर पावसाची रिपरिप. अंतर ४२.७५ किलोमीटर, ऑलिंपिकच्या इतिहासात याहून लांब मॅरेथॉन दुसरी झाली नाही. आजचे ४२.१९५ किलोमीटरचे माप पक्के ठरले ते १९२१ साली, चौगुले धावून आल्यानंतर. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिला आला. एस्टोनियाचा लोसमान त्याच्या मागे अवघ्या तेरा सेकंदांवर होता. इटलीचा आर्री तिसरा आला आणि एवढे धावूनही अंगात राहिलेल्या उत्साहाने त्याने अंतिम रेषेपाशी कोलांट्या मारल्या! चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांनी पोचला. क्रमांक एकोणिसावा.

कोलेहमाइनेनच्या विजयाचे कारण सांगणे सोपे आहे. १९१२ च्या स्टॉकहोम येथील ऑलिंपिकात तीन सुवर्णपदके मिळविलेला तो पुरुष; विजय ही त्याची सवय होती. आम्हांस कोडे पडते ते एकोणिसाव्याचे. पल्ल्याचा तीनचतुर्थांश भाग सरला की शरीरात साठविलेली शर्करा संपत येते, पाय लाकडासारखे होतात, आणि मन परतीची शंभर कारणे पुढे करू लागते. हे शरीरशास्त्र सांगते व ज्याने अनुभवले तोही सांगतो. त्या घटकेस पहिल्या दोघांस एकमेकांची भीती पुढे ढकलते. पण अठरा माणसे पुढे निघून गेली आहेत, पदक मिळणार नाही, परक्या मुलखात आपले नाव घेऊन ओरडणारा कोणी नाही. अशा माणसाने तो ओला रस्ता का तुडवावा? कासिदाप्रमाणे त्याच्याजवळ कोणाचे पत्र नव्हते. थांबला असता तर सावकार रागावणार नव्हता, खाडाही पडणार नव्हता. त्या दिवशी कित्येकांनी वाट मध्येच सोडली आणि त्यांस कोणी दोष दिला नाही. चौगुल्याने मात्र ती पुरी केली. आमच्या मते त्याच्या धावेचा मोठेपणा वेळेच्या आकड्यात नाही, या मोकळिकीत आहे.

त्याच वर्षी घोडपदेवच्या आसपास काय चालले होते? १९११ च्या कायद्याने गिरणीत पुरुषाकडून दिवसास बारा तासांपर्यंत काम घेता येत असे. १९२० च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांत प्रचंड संप झाला आणि त्यानंतर दिवस दहा तासांवर आला. रविवारची सुट्टी त्यापूर्वीच, १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने पदरात पडली होती. धावण्याच्या इतिहासात या तारखा कोणी लिहीत नाही, आम्ही लिहितो. ज्याचे पाय बारा तास साच्यापुढे उभे आहेत त्यास 'मनाचा निग्रह कर आणि पहाटे धाव' असा उपदेश करणे म्हणजे निव्वळ क्रूरपणा होय. निग्रहाला आधी थोडा रिकामा वेळ लागतो.

तो रिकामा वेळ मिळाल्यावरही गिरणगाव लांब पल्ल्याकडे वळले नाही. ते वळले कबड्डीकडे, व्यायामशाळेकडे, भजनाकडे. दहाबारा जण एका खोलीत पाळीपाळीने निजणाऱ्या लोकांस एकांताचा खेळ कसा रुचावा? लांबची धाव हा मोठा एकलकोंडा उद्योग आहे. त्यास रस्ता मोकळा लागतो, आणि मनही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा शेवटचा मोठा संप सुरू झाला. पुढे भोंगे एकेक करून मुके झाले. २००४ पासून मुंबईत मॅरेथॉन भरू लागली. ती बहुधा जानेवारीतल्या रविवारी असते, आणि २०१५ साली तो रविवार नेमका १८ तारखेस आला. हा योगायोग कोणाच्या ध्यानात आल्याचे आमच्या ऐकिवात नाही. २०१८ पासून या स्पर्धेस टाटांचे नाव आहे. तिच्यात २०१२ ते २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षे भारतीय स्त्रियांत पहिली आलेली ललिता बाबर साताऱ्याच्या माणदेशातील, मोही गावची. म्हणजे सर दोराबजींनी ज्यांची धाव पाहिली त्या शेतकऱ्यांच्याच कुळीची. तिने २०१६ साली रिओ येथे तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरी गाठून दहावा क्रमांक मिळविला.

आमच्या चाळीतील एक तरुण, एका कचेरीतील कारकून, गेल्या खेपेस या स्पर्धेत उतरला होता. आरंभी त्याची मजल रे रोडच्या पुलापर्यंतही जात नसे. शंभर पावले धावे, शंभर चाले. घरच्यांनी हसून घेतले. पावसाळ्यात दोनदा त्याने हा नाद सोडला आणि दोनदा पुन्हा धरला. का धरला, हे त्याला नीटसे सांगता येत नाही, आणि आम्हीही खोदून विचारले नाही. तो घरी आला तेव्हा वृद्ध शेजारी गॅलरीत बसले होते.

"कितवा आलास?"

तरुणाने काही हजारांतला एक आकडा सांगितला. म्हातारबुवांनी तो पुन्हा उच्चारून पाहिला, पदक हातात घेतले, वजन केल्यासारखे वरखाली केले, आणि पाय शेकायला गरम पाणी ठेव म्हणून आत सुनेस सांगितले.

त्यानंतरच्या गुरुवारी पहाटे जिन्यावर बुटांचा आवाज झाला. गॅलरीतला दिवा आधीच लागलेला होता.