रिमोटच्या विमानाला इंजिन काऊल कसं बसवतात? दिसायला साधं टोपण, पण चुकलं तर विमान थेट उसात!

जयसिंगपूर म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं वसवलेलं आखीव गाव. दुसरी म्हणजे दरवर्षी गाजणारी ऊस परिषद.

आता ऊस आणि रिमोटवर उडणारं विमान, यांचा काय संबंध?

संबंध आहे. शिरोळ तालुक्यात जाईल तिकडं ऊस. हवेत असताना इंजिन तापून बंद पडलं, तर विमान तरंगत जिथं पोहोचेल तिथंच उतरणार. डोक्याच्या वर गेलेल्या उसात चार फुटी विमान शोधायचं म्हणजे अख्खी संध्याकाळ गेली. आणि इंजिन का तापलं म्हणून बघायला जावं, तर बऱ्याचदा दोषी निघतं ते नाकावरचं टोपण. यालाच म्हणतात काऊल.

काऊल म्हणजे नक्की काय?

गाडीला जसं बॉनेट, तसं विमानाच्या इंजिनाला काऊल. मॉडेल विमानात ते फायबरचं किंवा पातळ प्लॅस्टिकचं असतं. त्याची कामं दोन. एक, समोरून येणारी हवा विमानाच्या अंगावरून सरळ मागं सरकवायची. दुसरं, त्यातली थोडी हवा आत घेऊन इंजिन थंड ठेवायचं.

हे किती महत्त्वाचं आहे, ते खऱ्या विमानांनी दाखवून दिलंय. नासाच्या आधीची अमेरिकी संस्था एनएसीए हिनं १९२८ मध्ये गोल इंजिनासाठी खास काऊल तयार केलं. ते कर्टिस एटी-५ए या विमानाला बसवल्यावर त्याचा वेग ताशी ११८ मैलांवरून १३७ मैलांवर गेला. म्हणजे साधारण १९० किलोमीटरवरून २२०. इंजिन तेच, फक्त टोपण नवं. या कामासाठी संस्थेला १९२९ सालची कॉलियर ट्रॉफी मिळाली.

बसवायचं कसं?

सुरुवातीलाच एक नियम. काम करताना पंखा काढून ठेवायचा. मोटर बॅटरीवरची असेल तर बॅटरीही काढायची. मोटर अचानक फिरली तर बोटं जातात.

१) आधी इंजिन, मग काऊल. इंजिन, सायलेन्सर, इंधनाची नळी सगळं पक्कं बसवून घ्या. बऱ्याच विमानांत इंजिन किंचित उजवीकडं वळवलेलं असतं. त्यामुळं काऊलचं माप विमानाच्या अंगावरून न घेता स्पिनरवरून, म्हणजे पंख्याच्या पुढच्या टोकदार टोपीवरून घ्यायचं.

२) कागदाची युक्ती. काऊल चढवलं की आतलं काहीच दिसत नाही. मग भोकं पाडायची कुठं? त्यासाठी जाड कागदाच्या पट्ट्या विमानाच्या अंगावर मागच्या बाजूनं चिकटपट्टीनं लावा. पट्टीचं पुढचं टोक इंजिनावर येऊ द्या. सायलेन्सर, इंधनाची सुई, स्क्रूच्या जागा, जे जे बाहेर यायला हवं तिथं पट्टीत भोक पाडा. आता पट्टी मागं दुमडा, आड येणारे भाग काढा, काऊल चढवा आणि पट्टी पुन्हा काऊलवर टाका. भोकांच्या खुणा आपोआप योग्य जागी येतात.

३) फट ठेवा. स्पिनर आणि काऊल यांच्यात २ ते ३ मिलिमीटर जागा हवी. तेवढ्या जाडीचा पुठ्ठ्याचा गोल तुकडा मध्ये ठेवून काऊल चिकटपट्टीनं धरून ठेवा. इंजिन चालताना हादरतं. फट नसेल तर स्पिनर काऊलला घासत राहतो.

४) भोक लहान पाडा, मग कानशीनं वाढवा. मोठं करता येतं, लहान करता येत नाही. फायबर घासताना तोंडावर मास्क हवाच. पॉलिश पेपर ओला करून घासलं तर धूळ कमी उडते.

५) स्क्रूला आधार द्या. नुसत्या बाल्सा लाकडात स्क्रू टिकत नाही. आतून कठीण लाकडाचे ठोकळे एपॉक्सीनं चिकटवा. स्क्रूखाली वायसर आणि रबर घाला, म्हणजे हादऱ्यांनी काऊलला भोकापाशी चीर जात नाही.

सगळ्यात मोठी चूक कोणती?

पुढं मोठं भोक पाडायचं आणि हवा बाहेर जायला वाटच ठेवायची नाही!

आत शिरलेली हवा तापते आणि फुगते. ती बाहेर पडली नाही तर नवी हवा आत येणारच नाही. म्हणून बाहेर जायची वाट आत यायच्या वाटेपेक्षा मोठी लागते. दोन ते तीन पट, असा मॉडेलवाल्यांचा ठोकताळा. ही वाट काऊलच्या खालच्या बाजूला, मागच्या कडेला ठेवतात.

दुसरी गोष्ट, हवा सोपी वाट शोधते. मोटरसायकलच्या इंजिनाला असतात तशा पात्या या छोट्या इंजिनालाही असतात. हवा त्या पात्यांमधून गेली तरच उपयोग. त्यासाठी आत बाल्साचा किंवा प्लॅस्टिकचा आडोसा लावून हवा तिकडं वळवतात. विजेवरच्या विमानालाही यातून सुटका नाही, कारण मोटर, स्पीड कंट्रोलर आणि बॅटरी तापतातच.

उडवायच्या आधी

काऊल बसल्यावर विमानाचा तोल पुन्हा तपासा, कारण नाकावर वजन वाढलेलं असतं. मग जमिनीवर इंजिन काही मिनिटं चालवा, बंद करा आणि सगळे स्क्रू पुन्हा आवळा.

आणि हो, नियमही आहेत. ड्रोन नियम २०२१ नुसार २५ किलोपर्यंतचं, हौसेसाठी किंवा शिक्षणासाठी वापरलं जाणारं आणि नजरेच्या टप्प्यात उडवलं जाणारं विमान मॉडेल गटात येतं. ग्रीन झोनमध्ये उंचीची मर्यादा ४०० फूट. विमानतळाच्या आसपास नियम कडक होतात, त्यामुळं उजळाईवाडीच्या बाजूला जाणार असाल तर आधी डिजिटल स्कायचा नकाशा बघा.

थोडक्यात काय, तर काऊल शोभेसाठी नसतं. कागदाची एक पट्टी, ३ मिलिमीटरची फट आणि गरम हवेला बाहेर जायची वाट, एवढं सांभाळलं की विमान उसात शोधायची वेळ सहसा येत नाही.